‘शब्दच सापडत नाही, मॅडम!’

मी समुपदेशक. इंग्रजीच्या परीक्षा देणारी मंडळी माझ्याकडे येतात ती झोप उडाली म्हणून, छातीत धडधडतं म्हणून किंवा घरात चिडचिड वाढली म्हणून. थोडं बोलल्यावर खरी गोष्ट बाहेर पडते. कोणी म्हणतं, “माझी व्होकॅब्युलरी कच्ची आहे.” कोणी म्हणतं, “वेळच पुरत नाही.” कोणाचं ऐनवेळी डोकं बंद पडतं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असतंच: “प्रश्नातला शब्द उताऱ्यात सापडत नाही, आणि नंतर उत्तर बघितलं की वाटतं, अरे, हे तर इथेच होतं!”

या शेवटच्या वाक्यावर माझे कान टवकारतात. उत्तर दाखवल्याबरोबर जे कळतं, ते आधीही येतच होतं. मग अडलं कुठे? भाषेत तर नक्की नाही. (उत्तर समोर ठेवूनही उताऱ्यातलं वाक्य उमगत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे भाषेची मेहनत लागते. अशा मुलांना मी शिक्षकांकडे परत पाठवते, माझी फी वाचवा असं सांगून.)

‘प्रश्नातला शब्द सापडत नाही, काय करू?’ हे इतक्यांनी विचारलंय की एकीची हकिकत सविस्तर सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींचं सार थोडक्यात आणलं आहे.

ती नर्स होती. ब्रिटनमधल्या नर्सिंग नोंदणीसाठी तिला आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंगमध्ये, म्हणजे वाचनाच्या पेपरात, ७ बँड (७ ची श्रेणी) हवा होता आणि ती ६ वर अडकली होती. अकॅडेमिक रीडिंगमध्ये ३ उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. ६ बँडला साधारण २३ उत्तरं बरोबर लागतात, ७ ला साधारण ३०. म्हणजे अंतर जेमतेम सात प्रश्नांचं. पण तिने त्यासाठी क्लास बदलला होता, हजारभर शब्दांची यादी पाठ केली होती आणि आता रात्रीची झोप घालवली होती.

“प्रश्न वाचल्यावर नेमकं काय करतेस?” मी विचारलं.

“कीवर्डखाली रेघ मारते. मग तो शब्द उताऱ्यात शोधते.”

“नाही सापडला तर?”

“पुन्हा वरपासून शोधते.”

“तरीही नाही सापडला तर?”

“मग हात गार पडतात, मॅडम. पुढचं काहीच डोक्यात शिरत नाही.”

“तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत लिहिलेली कधीच दिसत नाही?”

जरा वेळाने म्हणाली, “दिसते. पण खात्री नसते ना! तोच शब्द दिसल्याशिवाय उत्तर लिहायचं कसं?”

मला जे हवं होतं ते या उत्तरात होतं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. त्यांनी १९५० च्या दशकात मांडलेला विचार मला अजूनही रोज उपयोगी पडतो: माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचा त्याचा स्वतःचा हट्ट जास्त छळतो. ‘मला आवडेल’ इथपर्यंत सगळं ठीक असतं. त्याचं ‘असंच व्हायला पाहिजे’ झालं की पाय अडकतो. हिचा हट्ट होता, ‘मला शंभर टक्के खात्री पाहिजेच.’ उताऱ्यात तोच शब्द दिसणं हा तिच्या लेखी त्या खात्रीचा पुरावा होता. म्हणजे ती शोधत होती उत्तर नव्हे, धीर.

आणि परीक्षा नेमकी इथेच पकडते. समज तपासायची म्हणून प्रश्न काढणारे शब्द मुद्दाम बदलतात. त्यावर कडी म्हणजे प्रश्नातला जसाच्या तसा शब्द अनेकदा भलत्याच वाक्यात दिसतो. मी तिला जुने सराव पेपर आणायला सांगितले आणि चुकलेल्या उत्तरांसमोर ‘लिहिताना किती खात्री होती’ ते आठवून लिहायला लावलं. जिथे तिने पूर्ण खात्रीने लिहिलं होतं, तिथेच बऱ्याच चुका निघाल्या. शब्द सापडला होता, अर्थ निसटला होता. कागदाकडे बघत ती म्हणाली, “म्हणजे सापडला तरी पंचाईत, नाही सापडला तरी पंचाईत!”

पटलं होतं, पण नुसतं पटून सवय सुटत नाही. पुढच्या पेपरलाही ती शब्दच शोधत बसली. मग एका भेटीत मी परीक्षेचा विषय बाजूला ठेवला.

“काल वॉर्डात धाप लागलेलं कोणी आलं होतं?”

“हो, एक आजोबा होते.”

“काय म्हणाले ते?”

“जिना चढलो की छाती भरून येते. आणि रात्री आडवं पडलं की गुदमरल्यासारखं होतं, उठून बसावं लागतं.”

“तू केसपेपरवर काय लिहिलंस?”

“श्रमाने धाप. आडवं झाल्यावर धाप.”

“पण ‘धाप’ हा शब्द तर ते बोललेच नाहीत.”

“अहो मॅडम, अर्थ तोच की!” तिचा आवाज चक्क चढला. माझ्या अज्ञानाची तिला कीव आली असावी.

“खात्री होती तुला?”

“नव्हती पूर्ण, म्हणून तर पुढे विचारलं, झोपताना उशा किती लागतात. तीन म्हणाले. मग लिहिलं.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं, हे मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. आपण वाक्य पूर्ण केलं की शोध आपला होतो, त्यांचा राहत नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग टेबलावरच्या सराव पेपरकडे. दोन-तीनदा तिची नजर अशी फिरली. मग तिने स्वतःच पेपर ओढून घेतला.

“म्हणजे मी हे रोज करते!”

“काय करतेस?”

“पेशंट कधीच पुस्तकातले शब्द बोलत नाही. मी ते शोधतही नाही. त्याला काय होतंय ते बघते. आणि शंका आली की आजूबाजूचं विचारते.”

“आणि शंका पूर्ण फिटेपर्यंत थांबतेस?”

“थांबले तर पेशंट जाईल!” असं म्हणून ती मोकळेपणाने हसली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली होती.

त्या दिवशी नवं काहीच शिकवलं गेलं नाही. दोन वाक्यांत एकच गोष्ट ओळखण्याचं कसब तिच्याकडे आधीपासून होतं, पण ‘परीक्षा’ म्हटलं की ते ती युनिफॉर्मबरोबर खुंटीला टांगून येत होती. माणसाचं बळ दुसऱ्या दालनात शोधावं, हे माझं आवडतं सूत्र. हिच्या बाबतीत ते इतकं नेमकं लागू पडलं, याचा मला आनंद आहे, थोडा अभिमानही.

यामागे मनाची घडणही आहे. १९६७ मध्ये जॅकलिन सॅक्स या संशोधिकेने लोकांना मजकूर ऐकवून त्यातलं एखादं वाक्य नंतर कधी जसंच्या तसं, कधी बदलून समोर ठेवलं. मध्ये थोडासा मजकूर गेला, तरी नुसती शब्दरचना बदललेली लोकांना ओळखता येईना. अर्थ बदलला, तर मात्र त्यांच्या लगेच लक्षात येई. शब्द टाकून देऊन अर्थ ठेवून घेणं हा मनाचा स्वभावच आहे. शब्दाचा माग काढत वाचणं म्हणजे त्या स्वभावाविरुद्ध जाणं, म्हणून तर इतकं थकायला होतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते, कारण निम्मे वाचक इथवर त्यासाठीच थांबले असतील.

प्रश्न वाचला की त्याचं मनातल्या मनात साध्या मराठीत एक वाक्य करा: कोणी, काय केलं, का. समजा प्रश्न आहे, ‘फार्मर्स स्टॉप्ड ग्रोइंग कॉटन बिकॉज ऑफ अ शॉर्टेज ऑफ वॉटर.’ मनात इतकंच ठेवा: शेतकरी, पीक सोडलं, पाणी नव्हतं. आता उताऱ्यात ‘आफ्टर सेव्हरल रेनलेस सीझन्स, दोज हू वर्क्ड द लँड अबँडन्ड द क्रॉप’ असं आलं, तर प्रश्नातला एकही महत्त्वाचा शब्द नसताना गोष्ट पुरी जुळते. उलट ‘कॉटन नीड्स मोअर वॉटर दॅन व्हीट’ या वाक्यात कॉटनही आहे, वॉटरही आहे, पण पीक कोणीच सोडलेलं नाही. शब्द शोधणारा इथे अडकतो.

विशेषनामं, सालं आणि शास्त्रीय संज्ञा सहसा बदलता येत नाहीत, तेव्हा जागा गाठायला त्यांचा आधार घ्या. आकड्यांवर मात्र आंधळा विश्वास नको: ‘टेन इयर्स’चं ‘अ डिकेड’ होतं, पंचवीस टक्क्यांचं ‘वन इन फोर’. बाकी बदल समानार्थी शब्दांपुरतेच असतात ही समजूत सोडा. नामाचं क्रियापद होतं, कर्तरीचं कर्मणी होतं, ‘रेअर’ऐवजी ‘नॉट ऑफन सीन’ येतं, कार आणि ट्रकऐवजी नुसतं ‘व्हेइकल्स’ येतं, कारण आधी आणि परिणाम नंतर असेल तर त्याची उलटापालट होते. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा सोडवलेल्या पेपरांतून जोड्या काढा: डावीकडे प्रश्नातलं वाक्य, उजवीकडे उताऱ्यातलं. आठवड्याभरातच बदलांच्या ठरावीक तऱ्हा डोळ्यांना दिसू लागतात.

जागा सापडल्यासारखी वाटली की ‘उशा किती?’ विचारा. हा शब्दप्रयोग आता माझ्याकडे रूढच झालाय. म्हणजे मागचं आणि पुढचं एकेक वाक्य वाचा आणि अर्थ टिकतो का बघा. विधान खरं, खोटं की उताऱ्यात दिलेलंच नाही हे ठरवायच्या ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ प्रश्नांमध्ये ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘मेनली’, ‘सम’ हे छोटे शब्द तपासायचे ते इथेच. उताऱ्यात विषय आहे, पण प्रश्नातला दावा खराही ठरत नाही आणि खोटाही, तेव्हा ‘नॉट गिव्हन’. उताऱ्यातले शब्द घालून गाळलेल्या जागा भरायच्या असतील तर भोवतालचं वाक्य बदललेलं असतं, पण उत्तर उताऱ्यातून जसंच्या तसं उचलायचं. तिथे आपण होऊन रूप बदलू नका आणि शब्दमर्यादा पाळा. या दोन्ही प्रकारांत उत्तरं सहसा उताऱ्याच्या क्रमाने येतात, त्यामुळे पाचवं सापडत नसेल तर चौथ्या आणि सहाव्याच्या मधला भाग बघा. परिच्छेदांना शीर्षकं लावताना हा क्रम नसतो.

आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा जागा कोरी सोडण्यात काहीच शहाणपण नाही. वाचण्यासकट एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं. बऱ्यापैकी वाटलं की लिहा, खूण करा, पुढे चला. हे सांगायला सोपं, करायला अवघड, कारण इथेच ‘खात्री पाहिजेच’ डोकं वर काढतं. त्यासाठी तिला मी एक सराव दिला होता: मुद्दाम एक पेपर असा सोडवायचा की मागे वळून एकही उत्तर तपासायचं नाही. पहिल्यांदा ती रडकुंडीला आली. दुसऱ्यांदा पाच मिनिटं उरली.

रीडिंगचा ७ तिला मिळाला. झोप मात्र त्याच्या कितीतरी आधीच परत आली होती, आणि माझ्या कामाचं मोजमाप मी त्यावरून करते.

निकाल सांगायला फोन केला तेव्हा तिने मैत्रिणीसाठी विचारलं, “लिस्निंगमध्येही शब्द बदलूनच येतात ना? तिथे तर परत मागे जाता येत नाही.” खरं आहे, रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. तिथे ऐकण्याआधी प्रश्न वाचायला जो वेळ मिळतो, त्यात प्रत्येकाचं मनात मराठी वाक्य करून ठेवायचं, आणि एखादं उत्तर हुकलं तर तिथेच सोडून पुढच्या प्रश्नावर कान लावायचे. मैत्रिणीलाही झोप लागत नाहीये का, एवढं मात्र मी विचारून घेतलं.