विझलेल्या चुलीपासून पिल्लाला जपा

भाऊ, कुत्र्याचं पिल्लू आणलंत, छान केलंत. आता थंडीची तयारी करा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा 10 अंशांखाली गेला की घरोघरी बंब आणि चुली पेटतात, आणि कुत्रं ऊब शोधत तिकडेच जातं.

जळत्या लाकडाला ते बिचकतं. खरी भीती विझलेल्या चुलीची. वरून पांढरी पडलेली राख आत निखारे धरून असते आणि पिल्लू नेमकं त्यातच अंग टाकतं. म्हणून झोपण्याआधी निखारे बाहेर ओढून पाण्याने विझवा, चुलीच्या तोंडाला पत्रा लावा. चुलीपासून 3 फुटांवर जाळीचा आडोसा हवाच. पिल्लाला गोणपाट आणि जुनी गोधडी वेगळ्या कोपऱ्यात द्या. स्वतःची ऊब मिळाली की ते राखेकडे फिरकत नाही.

सावजी रस्सा चुलीवर असेल तर पिल्लाला बांधूनच ठेवा.

पाय पोळलाच तर साध्या वाहत्या पाण्याखाली निदान 10 मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. केसांखालचं भाजणं लगेच दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरांना दाखवाच. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नेऊ नका. तिचा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता तुमचा आणि पिल्लाचा, दोघांचाही जीव घेऊ शकतो.