‘दहशतवादाची कारणे’ आणि ‘कारणे सांगणे’

कोल्हापुरातील कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : ‘वक्तृत्व स्पर्धेत मी दहशतवादाच्या कारणांवर बोलले. “कारणे कसली सांगता, हे तर समर्थन झाले,” असे परीक्षक म्हणाले. माझा शब्द चुकला का? हेतू किंवा प्रेरणा म्हणायला हवे होते का?’

तुमचा शब्द चुकला नाही. तरीही परीक्षकांचा गैरसमज कोठून झाला हे पाहण्यासारखे आहे, कारण त्याचे मूळ आपल्या भाषेतच आहे. ‘पंचगंगेच्या पुराचे कारण काय’ असे आपण विचारतो तेव्हा ती गोष्ट कशामुळे घडली एवढेच जाणून घ्यायचे असते. परंतु ‘आता कारणे सांगू नकोस’ असे आई दरडावते किंवा कार्यालयातून ‘कारणे दाखवा’ नोटीस निघते, तेव्हा तोच शब्द सबब, खुलासा, बचाव या अर्थांकडे झुकतो. विशेषतः अनेकवचन आणि ‘सांगणे’ हे क्रियापद एकत्र आले की मराठी कानाला सबबच ऐकू येते. म्हणून ‘कारणे सांगते’ याऐवजी ‘कारणांचा शोध घेते’ किंवा ‘कारणमीमांसा करते’ म्हटले असते, तर बहुधा हा प्रसंग आला नसता.

कारणाच्या शेजारचा ‘निमित्त’ हा शब्द मात्र आपण फार कमी वापरतो, याचे मला वाईट वाटते. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर चिपाडे वाळत घातलेली असतात. उन्हाने ती इतकी कडकडीत होतात की चुलवाणातून उडालेली एक ठिणगीही पुरते. चिपाडे वाळलेली असणे ही परिस्थिती, ठिणगी हे निमित्त. पण कोणी जाणूनबुजून काडी ओढून गंजीत टाकली, तर तिथे हेतू आला आणि जबाबदारीही आली. चिपाडे किती वाळली होती याची चौकशी केल्याने काडी टाकणारा सुटत नाही, आणि त्याला पकडल्याने पुढच्या हंगामातली चिपाडे ओली होत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या भाषेतही हाच पेच दिसतो. 1972 मध्ये म्यूनिक ऑलिंपिकच्या वेळी दहशतवादी हल्ल्यात 11 इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमसभेने केलेल्या ठरावाच्या शीर्षकातच दहशतवादाची मूळ कारणे दैन्य, वैफल्य, अन्यायाची भावना आणि निराशा यांत आहेत असे म्हटले होते. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी जागतिक रणनीतीत शब्द बदलला : ‘दहशतवादाच्या प्रसाराला अनुकूल परिस्थिती’. तीत दीर्घकाळ न सुटलेले संघर्ष, कायद्याच्या राज्याचा अभाव, मानवी हक्कांची पायमल्ली, वांशिक व धार्मिक भेदभाव आणि राजकीय प्रक्रियेतून वगळले जाणे यांचा उल्लेख आहे. यांपैकी कशानेही दहशतवादी कृत्य समर्थनीय ठरत नाही, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. हा बदल मला योग्य वाटतो. ‘कारण’ म्हटले की कार्य अटळ वाटते. पण गरिबी सोसणारे कोट्यवधी लोक बॉम्ब ठेवत नाहीत, आणि 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्यांत डॉक्टर आणि विज्ञानाचे पदवीधर होते.

आता ‘हेतू’. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, त्याच्या ‘निदानस्थान’ या विभागात हेतू, निमित्त, कारण, निदान हे सर्व शब्द समानार्थी म्हणून दिले आहेत. (त्याच अध्यायात ‘आतंक’ हा रोगाचा पर्याय आहे; हिंदीतल्या ‘आतंकवादा’चा आतंक तो हाच.) आजच्या मराठीत मात्र हेतू हा फक्त करणाऱ्याच्या मनात असतो, पुराला कारण असते, हेतू नसतो. आणि ‘दहशत’ या शब्दात तर हेतू गृहीतच आहे. भीती आपली आपल्याला वाटते. दहशत कोणाची तरी असते, कोणीतरी ती बसवतो. ‘तलवारी नाचवून दहशत माजवण्याचा प्रयत्न’ अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा एका दुकानाची काच फुटलेली असते आणि सगळी गल्ली दारे लावून बसलेली असते. ती काच फोडणे हा हेतू नव्हे, दारे लावायला लावणे हा हेतू. दहशतवादातही मारले जाणारे एक असतात आणि ज्यांना वाकवायचे ते जनता किंवा सरकार वेगळे असते.

‘प्रेरणा’ हा शब्द मी येथे टाळला असता. प्रेरणास्थान, प्रेरणादायी अशा शब्दांमुळे त्याला मराठीत एक मंगल छटा आली आहे; ‘हल्लेखोरांची प्रेरणा’ म्हटले की उगाच त्यांचा गौरव झाल्यासारखे वाटते. ‘प्रवृत्त होणे’ किंवा साधे ‘वळणे’ पुरे आहे. पुढच्या स्पर्धेत विषय तोच असेल, तर सुरुवात अशी करून पाहा : ‘काही माणसे दहशतवादाकडे कशामुळे वळतात, कोणत्या निमित्ताने वळतात आणि त्यातून त्यांना काय साधायचे असते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.’ तिन्ही प्रश्नांत ‘कारण’ हा शब्द एकदाही येत नाही, आणि तुम्हाला जे मांडायचे होते त्यातले काहीही गळत नाही.