कोर्टाची तारीख व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) घ्यावी का? गुहागरकडच्या एका ताईची गोष्ट

"मॅडम, प्रत्येक तारखेला मुंबईला जायलाच लागेल का, व्हीसीवर नाही का होणार?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि येणारच, कारण नवरा मुंबईला, केस वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात आणि बाई लेकराला घेऊन इकडे माहेरी.

अशीच एक ताई, गुहागर तालुक्यातली (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय). आधी एसटीने चिपळूण गाठायचं, मग रेल्वे, कडेवर चार वर्षांचं पोर, मुंबईत कोणाकडे उतरायचं तोही प्रश्न, आणि एवढं करून गेलं की कळतं पुढची तारीख पडली. तिला व्हीसी हवी होती यात तिचं काहीच चुकत नव्हतं.

आम्ही पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवरच बोललो. घटस्फोट हवाय का विचारलं तर लगेच "हो मॅडम, हवाय", परत विचारलं, परत तेच, पण उत्तर द्यायच्या आधी दर वेळी नजर बाजूला जायची, मला वाटलं मुलगा असेल तिकडे. नंतर ती चिपळूणला माझ्याकडे आली, मुलाला आईकडे ठेवून, आणि आधी नुसती रडली. कॉलच्या वेळी माजघरात समोर काका बसलेले असायचे, केसचा खर्च तेच करत होते. तिला नांदायचं होतं, फक्त सासूपासून वेगळ्या खोलीत. दीड वर्षात हे ती कोणाला बोललीच नव्हती!

रेंज गेली, पावसात लाईट गेली तर वकिलांमार्फत कोर्टाला कळवता येतं हो, पण बाजूला कोण बसलंय ते जजसाहेबांना स्क्रीनवर कसं दिसणार?

ऑक्टोबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं होतं की तडजोडीची बोलणी व्हीसीवर नकोत, ती फिसकटली आणि दोघांनी मिळून मागितलं तर फॅमिली कोर्ट पुढचं व्हीसीवर घेऊ शकतं. न्या. चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं, व्हीसीला अशी आडकाठी नको असं, आणि कडेवर पोर घेऊन निघालेली बाई बघितली की मला तेही पटतं. मग कोविडमध्ये व्हीसी सगळीकडेच आली. आणि एक लक्षात ठेवा, फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते.

मी तिला म्हटलं, समुपदेशनाच्या तारखांना स्वतः जा, बाकीच्यांना वकिलांकडून व्हीसीचा अर्ज टाक, आणि मिळाली तर घरून नको, वकिलांच्या ऑफिसमध्ये दार लावून बस, काकांना चहाला पाठव.

ती गेली. नवरा बराच वेळ गप्पच होता, मग त्याने मुलाच्या शाळेचं विचारलं. आता तो विरारला खोली बघतोय, अजून काही पक्कं नाही, पुढची तारीख व्हीसीवर आहे.