घरी एअर इनटेक किट: आधी सेन्सर बघ, मग पाना हातात घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट, बासष्ट हजार किलोमीटर, राहायला पुण्यात. कोन फिल्टरचं किट (कंपनीच्या डब्याऐवजी लावायचा शंकूसारखा उघडा हवेचा फिल्टर आणि त्याचा पाइप) ऑनलाइन बघून ठेवलंयस, गॅरेजवाला नुसत्या बसवण्याचे तीन हजार सांगतोय, म्हणून रविवारी पार्किंगमध्येच उरकायचा विचार आहे. पिकअप वाढेल का, अॅव्हरेज वाढेल का, काही बिघडणार तर नाही ना?

पिकअप जाणवण्याइतकं वाढत नाही. अॅव्हरेज वाढत नाही. बिघडू शकतं, आणि बहुतेक वेळा ते बसवणाऱ्याच्या हातून बिघडतं. त्यात मीही आलो. आवाज मात्र नक्की बदलतो. चार हजार आरपीएमच्या पुढे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी अशी काही घोरते की आपणच उगाच गिअर टाकायला उशीर करतो. हा खर्च आवाजासाठी आहे एवढं स्वतःशी कबूल केलंस तर पुढचं सोपं आहे.

अॅव्हरेजची समजूत कार्बोरेटरच्या जमान्यातली. तेव्हा फिल्टर चोंदला की मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं. आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवेचा हिशोब करून तेवढंच पेट्रोल सोडतो. शिवाय रोजच्या चालवण्यात पाय पाव भागच दाबलेला असतो, म्हणजे हवा अडवतो तो थ्रॉटलचा, अॅक्सिलरेटरबरोबर उघडणारा पडदा. फिल्टर कितीही मोकळा केलास तरी दार अर्धवटच उघडं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून बघितलं होतं. अॅव्हरेज हललं नाही, पिकअप मात्र मंदावलं. म्हणून पहिलं काम: चार-पाचशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर टाक आणि आठवडाभर चालव. किट लावल्यावर ‘गाडी उडायला लागली’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी खरं तर दोन वर्षं न बदललेला फिल्टर काढलेला असतो.

आता उष्णता. कंपनीचा काळा डबा कुरूप दिसतो, पण तो हवा घेतो पुढून, ग्रिलमागून. कोन फिल्टर उघडा ठेवलास तर तो हवा घेणार बोनेटखालची, रेडिएटर आणि एक्झॉस्टने भाजलेली. बाहेर ३५ अंश आणि इनटेकमध्ये ६५ झाले तर हवा जवळपास नऊ टक्के विरळ होते. पंच्याऐंशी पीएसच्या इंजिनात नऊ टक्के म्हणजे काय ते तूच बघ. फिल्टरने जे काय दिलं असेल ते तिथेच गेलं. मी पहिल्यांदा बसवलं तेव्हा ओबीडीचा स्वस्त डोंगल (ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) लावून इनटेकच्या तापमानाचा आकडा बघत होतो. आमच्या कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला उभं राहिल्यावर तो चढतच गेला, ५८, ६१, ६४. हिरवा दिवा लागून गाडी मोकळ्या रस्त्याला लागल्यावर खाली आला, पण यायला दोन-तीन मिनिटं लागली. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तेवढा मोकळा रस्ता कुठे मिळणार! त्यामुळे हीट शील्ड, म्हणजे इंजिनाची उष्णता अडवणारा पत्रा, नसलेलं किट घेऊच नको. मी आमच्या उद्यमनगरात दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून घेतला, वरच्या कडेला दरवाज्याची रबरी पट्टी लावली, म्हणजे बोनेट बंद झालं की फिल्टरला स्वतःची खोली मिळते. पुढून हवा आणणारी मूळ नळी काढू नको, ती त्या खोलीत सोड. किट बसवण्याआधी आणि नंतर एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला इनटेकचं तापमान मोज. आपलं काम जमलं की नाही ते तोच आकडा सांगेल.

सेन्सरकडे येतो, कारण पैसे इथे जातात. थ्रॉटल बॉडीपासून फिल्टरच्या डब्याकडे पाइप चाचपत ये. डब्यातून बाहेर पडल्या पडल्या पाइपात प्लास्टिकचा काळा तुकडा खुपसलेला असेल आणि त्याला चार-पाच वायरींचा कनेक्टर असेल, तर तो बहुधा मॅफ, आत जाणारी हवा मोजणारा. दोनच वायरी असतील तर तो नुसता तापमानाचा, आणि हवेचा हिशोब मॅनिफोल्डवरचा, म्हणजे थ्रॉटलच्या पुढच्या नळ्यांवरचा, दाब मोजणारा मॅप सेन्सर करतोय. मॅप असेल तर तू बऱ्यापैकी सुटलास. मॅफ असेल तर तो ज्या नळीत बसतो तिचा आतला व्यास मूळ मापाचाच हवा. साठ मिलिमीटरची नळी काढून सत्तरची घातलीस तर छेद ३६ टक्क्यांनी वाढतो. तेवढीच हवा आता सेन्सरवरून हळू वाहते आणि ईसीयूला वाटतं की हवाच पाव हिश्शाने कमी आली. तो पेट्रोल कमी सोडतो. एरवी ऑक्सिजन सेन्सर ही चूक थोडीफार सावरून घेतो, पण पूर्ण दाबल्यावर मिश्रण पातळ राहतं आणि इंजिन खडखडायला लागतं. सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा बसवलेली गाडीही मी बघितली आहे.

माझी चूक वेगळी होती. तेल लावून वापरायचा कॉटनचा एअर फिल्टर घरी धुतला आणि तेल लावताना हात सैल सोडला. लाल दिसेपर्यंत मारायचं असतं, मी ठिबकेपर्यंत मारलं. आठवड्यात चेक लाइट, कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. प्लग बदलले, पाइप तपासले, तीन आठवडे नुसता वैताग. शेवटी मॅफ उपसून टॉर्चखाली धरला तर केसाएवढ्या तारेवर तपकिरी चिकट थर. त्यासाठी मॅफ क्लीनर नावाचा वेगळा स्प्रे मिळतो, तोच लांबून मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. बोट नाही, इअरबड नाही, कार्ब क्लीनर तर नाहीच. तेव्हापासून मी बिनतेलाचा, कोरडा फिल्टर वापरतो आणि तुलाही तोच सांगेन.

प्रत्यक्ष काम दोन तासांचं. १० नंबरचा टी-पाना, चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि एक मोठं रंगीत फडकं. इंजिन पूर्ण गार होऊ दे, आधी पाच-सहा फोटो काढ, मग बॅटरीची मायनस काढ. सेन्सरचा कनेक्टर खटका दाबून काढायचा, वायर ओढून नाही. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून, येणारी ब्रीदरची नळी (इंजिनातली तेलकट वाफ इनटेककडे नेणारी) इतक्या वर्षांत तापून कडक झालेली असते. ती सरळ उपसलीस तर खालचं प्लास्टिकचं तोंड तुटतं, म्हणून आधी पिळून सैल कर. डबा दोन-तीन बोल्टांवर आणि खाली रबरी बुशांवर असतो. बोल्ट निघाले की सरळ वर उचल. थ्रॉटलचं तोंड उघडं पडलं की लगेच त्यावर फडकं टाक. फडकं मोठं आणि रंगीत का, तर काळा बोळा आत विसरून गाडी सुरू करणारे लोक असतात.

नवा पाइप बसवताना सगळ्या क्लिपा आधी सैल ठेव. पाइप नीट बसला की थ्रॉटलच्या बाजूने सुरुवात करून फिल्टरकडे आवळत ये. सिलिकॉनच्या जोडावर क्लिप कडेला टेकवू नको, कापली जाते. जोर लावून आवळायचंही नाही. स्वस्त क्लिपांचे आटे लगेच जातात, आणि आटे गेलेली क्लिप बाहेरून घट्टच दिसते. सुरू असताना इंजिन माउंटिंगवर डोलतं, त्यामुळे पाइपाभोवती दोन बोटांची जागा हवी. वर बोनेटला लागतो का ते बघायला मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणतो, पाइपावर ठेवतो, बोनेट बंद करून उघडतो. गोळा किती चेपला ते दिसतं. घरच्यांच्या नजरा झेलायची तयारी ठेव.

ब्रीदरची नळी नव्या पाइपाच्या तोंडाला जोडायचीच. किटसोबत छोटा चिमणीसारखा फिल्टर येतो तो लावून ती उघडी सोडलीस तर केबिनमध्ये तेलाचा वास येतो, आणि मॅफ असेल तर न मोजलेली हवा आत शिरते.

पाचशे किलोमीटर झाले की फिल्टर उतरव आणि पाइपाच्या आत पांढरं फडकं फिरव. हे कुणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. फडक्यावर बारीक माती आली तर कुठलातरी जोड फिल्टर न झालेली हवा ओढतोय. तिथला गळका जोड शिट्टी मारत नाही, माती मात्र गपगुमान पिस्टनपर्यंत जाते. आमच्याकडे उसाच्या हंगामात मूळ डब्यात पाचटाचे तुकडे आणि किड्यांचे पंख साठलेले असतात. पुण्यात बांधकामाची धूळ असेल, ती अजून बारीक.

फिल्टर खाली बंपरमध्ये नेणारं लांब पाइपाचं किट घेऊ नको. हवा थंड मिळते हे खरं, पण पावसाळ्यात पाणी पण तेच ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, त्यानंतर किती इंजिनं खोलली गेली ते इथल्या मेकॅनिकांना विचार. साध्या विम्यात हे सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. त्यातही बदललेला इनटेक बघून सर्व्हेअर प्रश्न विचारणारच.

कायद्याचं थोडक्यात: बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि आवाज-धुरासाठी १९०(२). कोन फिल्टरसाठी रस्त्यात कुणी अडवल्याचं मी बघितलं नाही, पण किट मूळ माउंटिंगवरच बसेल असं घे. पत्रा कापायला लागला तर थांब. मूळ डबा, बुश, बोल्ट एका पिशवीत घालून माळ्यावर ठेव. मी स्वतः मे संपता संपता डबा परत चढवतो आणि दिवाळीनंतर पुन्हा कोन बसवतो.

किटची ऑर्डर देण्याआधी थ्रॉटलपासून डब्यापर्यंतचा एक फोटो टाक, कनेक्टरच्या वायरी मोजता येतील असा. मग कुठलं घ्यायचं ते सांगतो.