बाळाचा विचार आणि अपस्माराची गोळी

प्रश्न : माझ्या पत्नीला अपस्मारासाठी व्हॅलप्रोएटच्या गोळ्या चालू आहेत. आठ महिन्यांत एकदाही झटका आलेला नाही. आम्ही आता बाळाचा विचार करीत आहोत. ही गोळी गर्भाला घातक असल्याचे वाचले; ती लगेच बंद करावी का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. गर्भारपणात व्हॅलप्रोएट घेतल्यास १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात शारीरिक दोष आढळतात, तर ३० ते ४० मुलांच्या बोलण्याच्या व शिकण्याच्या वाढीवर परिणाम होतो. तरीही औषध एकाएकी तोडल्यास झटके परततात, आणि पाच मिनिटांहून अधिक काळ न थांबणारा झटका आईच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून गर्भधारणेपूर्वीच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा आणि औषधातील बदल पूर्ण होऊन त्यांनी होकार देईपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवा. बहुधा ते त्याऐवजी लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम हे अपस्माराचे दुसरे औषध सुचवतील. व्हॅलप्रोएटमुळे लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण वाढते. त्यामुळे दोन्ही औषधे सोबत असताना मात्रा फार सावकाश वाढवावी लागते, आणि अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. या बदलाला काही महिने लागतील. कृपया घाई करू नका. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची मात्राही त्यांनाच विचारा. याआधीच दिवस राहिले असतील, तरी गोळी न थांबवता तातडीने डॉक्टरांशी संपर्क साधा.