परदेशात स्वयंसेवक म्हणून जाऊन युक्रेनची संस्कृती जवळून बघता येते का?

नक्की येते. पण युद्ध सुरू असेपर्यंत पोलंडचा विचार करा. २०२२ पासून तिथे लाखो युक्रेनियन माणसं आसऱ्याला आली आहेत. मुलांना इंग्रजी शिकवा आणि संध्याकाळी त्यांच्या आज्यांजवळ बसा. ईस्टरच्या आधी 'पिसांका', म्हणजे नक्षीदार अंडी रंगवतात, ते चुकवू नका. बारीक नळीच्या लेखणीने अंड्यावर वितळलेल्या मेणाची रेघ ओढायची, पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, मग लाल, शेवटी काळा. मेणबत्तीजवळ धरून मेण पुसलं की दडलेले सगळे रंग एकदम उजळतात! बाटिकचीच रीत, फक्त कापडाऐवजी अंडं. बीटाचं गरम सूप, म्हणजे बोर्श्च, पुढे आलं तर नाही म्हणू नका. त्यात त्यांचा फार जीव आहे. आणि 'द्याकुयु', म्हणजे धन्यवाद, एवढं पाठ करूनच निघा.