स्वतःचे कॅड प्लगइन विकू पाहणाऱ्या तरुण मित्रास

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले बलूनिंगचे प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मी ऑटोकॅड या ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काही जुन्या ड्रॉइंगांवर चालवून पाहिले. ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला क्रमांकाचा बलून, म्हणजे गोल खूण, लावायचा आणि तो क्रमांक, ते माप व त्याचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एक्सेलच्या तक्त्यात उतरवून तपासणी अहवालाचा सांगाडा तयार करायचा, हे काम भोसरी-चाकण पट्ट्यातील कितीतरी पुरवठादारांच्या क्वालिटी विभागांत आजही हाताने चालते. नवा भाग मंजुरीसाठी पाठवताना पीपीएपीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडून भाग मंजूर करून घेण्याच्या प्रक्रियेच्या, कागदपत्रांत बलून लावलेले ड्रॉइंग लागतेच. त्यामुळे विषयाची निवड मला मनापासून आवडली. हे साधन विकावे का, असे तू विचारले आहेस, जरूर विकावे. मात्र दर ठरवण्याआधी गिऱ्हाइकाला आपण काय देणार आहोत हे स्वतःशी पक्के कर. माझ्या मते ती एक जबाबदारी आहे: हे साधन बरोबर आकडे देईल आणि पुढच्या वर्षी ऑटोकॅड बदलले तरी देत राहील. बाकी सगळे निर्णय त्यातून निघतात.

आधी आकड्यांविषयी लिहितो, कारण तुझे प्लगइन सध्या इथेच कमी पडते. घाईत असलेला ड्राफ्ट्समन पुष्कळदा रेषा न बदलता मापाचा आकडा तेवढा हाताने बदलतो. कागदावर ५० दिसते आणि भूमितीत ४९.६ असते. तुझा प्रोग्रॅम भूमितीतले मोजमाप उचलतो, म्हणून अहवालात ४९.६ येते आणि ड्रॉइंग हाती धरलेला इन्स्पेक्टर गोंधळतो. अहवालात छापील आकडाच आला पाहिजे, पण अशी ओळ वेगळ्या रंगात दाखवून डिझाइन विभागाला सावधही केले पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, ज्या मापांवर टॉलरन्स लिहिलेला नसतो, त्यांच्यासाठी टायटल ब्लॉकजवळ (ड्रॉइंगवरील माहितीच्या चौकटीजवळ) आयएस २१०२ किंवा आयएसओ २७६८ या टॉलरन्सच्या मानकाचा मध्यम वर्ग लागू असल्याची टीप असते. त्या वर्गात ५० मिलिमीटरच्या रेषीय मापाला अधिक-उणे ०.३ मिलिमीटर मिळतात. ही टीप कोणत्या वर्गाची आहे हे वापरणाऱ्याला एकदाच विचारून रिकामे रकाने तू भरून दिलेस, तर निम्मे हातकाम तिथेच संपेल. जिथे एकाच मापावर चार भोके असल्याचे लिहिलेले असते, तिथे वाचने चार घ्यावी लागतात, म्हणून एका बलूनखाली चार ओळी हव्यात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रिव्हिजनचा, म्हणजे ड्रॉइंगच्या सुधारित प्रतीचा, आहे. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की तुझे प्लगइन सर्व बलून पुन्हा १ पासून मोजते, आणि त्यामुळे १७ क्रमांकाचे माप २१ वर जाते. जुने अहवाल, कंट्रोल प्लॅन (तपासणीचा आराखडा) आणि गेजच्या (मोजमापाच्या साधनांच्या) नोंदी यांत तो १७ क्रमांक आधीच लिहिला गेलेला असतो, हे डिझाइनच्या टेबलावर बसून ध्यानात येत नाही. जुने क्रमांक जागेवर राहावेत, काढून टाकलेल्या मापाचा क्रमांक पुन्हा कोणाला मिळू नये आणि नवी मापे शेवटी जोडली जावीत, एवढे झाले तर क्वालिटी विभागाचा प्रमुख तुझ्यासाठी स्वतः खरेदी विभागाशी भांडेल. अशा गरजा ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत, आणि लहान विक्रेत्याचे स्थान त्यामुळेच टिकते. उद्या ऑटोकॅडमध्येच बलून देण्याची सोय आली, तरी या नियमांची समज तुझ्याजवळ राहील.

आता पुढच्या वर्षीच्या जबाबदारीकडे वळतो. ऑटोकॅड दरवर्षी नवी आवृत्ती काढते. ऑटोलिस्प ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा त्यात १९८६ मध्ये आली आणि त्यात लिहिलेले जुने प्रोग्रॅम आजही बहुधा चालतात. तुझे प्लगइन मात्र डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत लिहिलेले आहे. २०२४ पर्यंतची आवृत्ती डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर होती, तर २०२५ ची आवृत्ती डॉटनेट ८ वर गेली, आणि या बदलामुळे असंख्य प्लगइन नव्याने बांधून तपासावी लागली. तुलाही दोन्ही बांधण्या (दोन्हींसाठी तयार केलेल्या प्रोग्रॅमच्या प्रती) बाळगाव्या लागतील, कारण एका कारखान्यात २०२२ आणि शेजारच्या कारखान्यात २०२५ असते. ऑटोकॅड एलटी या कमी सोयींच्या स्वस्त प्रकाराला २०२४ च्या आवृत्तीपासून ऑटोलिस्प मिळाले असले, तरी तुझे डॉटनेटचे प्लगइन तिथे चालणार नाही, हे विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगत जा. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी ऑटोकॅडला पर्यायी स्वस्त सॉफ्टवेअर लहान कारखान्यांत वाढत आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र बांधणी लागेल, म्हणून तो विचार पहिल्या वर्षी नको.

या साऱ्या श्रमांचे पैसे कुठून यायचे, हाच दराचा प्रश्न आहे. एकरकमी, कायमचा परवाना विकलास तर दुसऱ्या वर्षीचे काम फुकट करावे लागते. म्हणून वार्षिक शुल्क ठेव. दर सांगताना गिऱ्हाइकाचाच हिशेब मांड. समजा, त्यांच्याकडे महिन्याला ३० ड्रॉइंगांचे बलूनिंग होते आणि प्रत्येकी दीड तास वाचतो, तर महिन्याचे ४५ तास झाले. तासाचा खर्च ३०० रुपये धरला तरी वर्षाचे १,६२,००० रुपये होतात. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे एका परवान्याला वर्षाकाठी १५-१६ हजार रुपये मागण्यात मला काहीही संकोचाचे दिसत नाही. पहिल्या गिऱ्हाइकासाठी दर निम्मा करण्याचा मोह मात्र टाळ; औद्योगिक वसाहतीत दर एकमेकांना कळतात.

परवाना तपासण्यासाठी तू इंटरनेटवर विसंबला आहेस, ते बदल. वाहन कंपन्यांची गोपनीय ड्रॉइंग सांभाळणाऱ्या पुरवठादारांकडे डिझाइनच्या संगणकांना बहुधा बाहेरचे जाळे बंद असते. तिथे संगणकाने एक विनंती-संकेत द्यावा, तो ईमेलने तुझ्याकडे यावा आणि तू उत्तरादाखल किल्ली पाठवावीस, हीच पद्धत चालते. संगणक बिघडून बदलला तर नवी किल्ली त्याच दिवशी मिळाली पाहिजे. परवान्याची उसनवारी पकडण्याच्या नादात प्रामाणिक गिऱ्हाइकाचे काम अडवू नये. ऑटोकॅड २०१४ पासून अनोळखी जागेवरून प्रोग्रॅम उघडताना इशारा देते, त्यामुळे इन्स्टॉलरने फाइली प्रोग्रॅम फाइल्सखालीच ठेवाव्यात आणि त्यांवर डिजिटल सही असावी. त्या सहीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची किल्ली जून २०२३ पासून हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. तो खर्च आधीच धरून ठेव.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. तू हिंजवडीत नोकरी करतोस आणि कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीच्या ओघात लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. म्हणून नेमणूकपत्र नीट वाच, कंपनीचा लॅपटॉप या कामासाठी वापरू नकोस आणि पहिली पावती फाडण्यापूर्वी लेखी परवानगी घे. ही एक गोष्ट पुढे ढकलू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सेवांवरील जीएसटीची नोंदणी साधारणपणे २० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर सक्तीची होते, पण कारखान्यांना भरलेल्या कराची वजावट हवी असते, म्हणून ती स्वेच्छेने घेणे सोयीचे जाते. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे. ती असली की २००६ च्या एमएसएमईडी (लघुउद्योगांच्या) कायद्यातील बिल चुकते करण्याची ४५ दिवसांची मुदत खरेदीदाराला लागू होते, आणि थकलेल्या बिलाची आठवण करून देताना तिचा उपयोग होतो.

ऑटोडेस्कच्या अ‍ॅप स्टोअरवर घाईने जाऊ नकोस. आधी भोसरीतील एखादे टूलरूम (साचे व डाय बनवणारा कारखाना), चाकणचा एखादा प्रेस पार्ट बनवणारा पुरवठादार आणि नऱ्ह्याचे एखादे लहान मशीन शॉप अशा तीन ठिकाणी स्वतः जा. त्यांच्याकडचे सर्वांत किचकट ड्रॉइंग माग, क्वालिटीच्या माणसाला तुझे प्लगइन चालवू दे आणि तू शेजारी बसून गप्प पाहा. तो कुठे थांबतो, कुठे एक्सेल उघडून हाताने आकडा बदलतो, याची टिपणे काढ. तिघांचेही अहवाल हातकामाशिवाय तयार होऊ लागले की दरपत्रक छाप.

कळावे,

तुझा हितचिंतक